सायलेन्सरची पारख

भोक पहारीनं पाडलंय हे कळू नये म्हणून आशाबाईंनी त्याच्या कडांना जळकं ऑइल आणि राख फासली होती. सायलेन्सर तसाही जुनाट, गंजलेला. त्यांनी त्याचं मरण फक्त थोडं अलीकडे आणलं. पाचोडहून मुकुंदवाडीपर्यंत पिकअप अशी फटफटत आली, की वाटेवरची कुत्रीसुद्धा भुंकायचं विसरली. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. लेकीच्या जन्माचा प्रश्न होता, आणि लेक एकुलती एक होती.

‘सोमनाथ सायलेन्सर वर्क्स’ ही पाटी दिसताच त्यांनी गाडी आत घेतली. मध्यस्थानं याच सोमनाथचं स्थळ लेकीसाठी, अपेक्षासाठी, सुचवलं होतं. फोटो पाठवतो म्हणाला, तर बाईंनीच नको म्हटलं. फोटोत सगळेच राजबिंडे! माणूस बघावा तो धंद्यावर असताना, समोरचं गिऱ्हाईक अडाणी आहे असं त्याला वाटत असताना. तेव्हा तो फसवतो की नाही, यात सगळं आलं. ही बाईंची कसोटी होती, आणि ती कधी चुकेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

एका टेम्पोखालून तिशीचा उंच तरुण हात पुसत बाहेर आला.

“बोला, मावशी.”

“आवाज लई करती रे बाबा. मला काय कळतंय त्यातलं? तू म्हणशील ते बसव.”

“कुठून आलात?”

“बिडकीनहून,” बाईंनी ठोकून दिलं. चौकशीला निघालेल्या माणसाला एवढं माफ असतं. त्याचं नाव मात्र त्यांनी विचारलं नाही. उगाच संशय नको.

तरुण गाडीखाली शिरला. पान्यानं पाइप ठोकत ठोकत, कान लावत पार मागच्या टोकापर्यंत गेला.

“पुढचा पाइप ठणठणीत आहे, मावशी. डबा तेवढा गेलाय. आख्खा सेट बदलायची गरज नाय.”

बाई मनातून खूश झाल्या, पण चेहरा त्यांनी भोळाच ठेवला. भिंतीवर टांगलेल्या सायलेन्सरांकडं बोट दाखवत म्हणाल्या, “अन् ते चकचकीत स्टीलचं?”

“गाडी किती जुनी?”

“पोरगी शाळंत जायची तवाची.”

“मग ते कशाला? गाडी भंगारात जाईल आणि सायलेन्सर नवाच राहील.”

“बरं, मग हे स्वस्तातलं?”

“पत्रा पातळ आहे. एका पावसाळ्यात चाळण होईल.” त्यानं जाड पत्र्याचा एक काळा डबा खाली काढला, उलटसुलट केला आणि परत ठेवला. “हा पण नाय देत. याचा जोड आतून कच्चा आहे.” मग त्याच जातीचा दुसरा काढला. “हा घ्या.”

“आतून कच्चा व्हता, तर मला कुठं दिसणार व्हतं? सांगितलंस कशाला?”

“विकणाऱ्यानं खोट आधी सांगावी, मावशी. हा आमच्या दुकानाचा कायदा आहे. नंतर गिऱ्हाईकाला कळली, तर ती मालाची नाय राहत. आपली होते.”

बाईंचा ऊर भरून आला. असा पोरगा दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. तो डबा बसवायला खाली गेला आणि तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. नवऱ्याचा, तात्यासाहेबांचा. बाई बाजूला गेल्या.

“अगं, म्हशीला गिऱ्हाईक आलंय. काय सांगू?”

ही म्हैस दोन बाजार फिरून परत आली होती. तिचं एक थान बंद होतं, आणि धार काढायला बसलं की ती लाथ मारायची.

“काय सांगू म्हंजे? चारी थानं चालू हायत म्हणा. म्हैस नाय, गरीब गाय हाय म्हणा! अन् खाली वाकून बघायला लागला, तर चहाला बोलवा.”

बाईंना यात काही वावगं वाटलं नाही. जनावराचा बाजार वेगळा, माणसाची पारख वेगळी.

काम झालं. तरुणानं जुना डबा गाडीच्या हौद्यात ठेवला. “भंगारवाल्याला द्या, तुमचाच माल आहे. आणि एक सांगू का? हे भोक गंजाचं नाय. कुणीतरी पाडलंय. गाडीवर लक्ष ठेवा.”

“गावातली पोरं मेली लई वांड,” म्हणत बाई पदराआड हसल्या. त्यांची चोरीसुद्धा त्यानं पकडली होती! त्यांनी चावी फिरवली. गाडी जेवून पहुडलेल्या मांजरासारखी घुरघुरू लागली. बाईंनी मनातल्या मनात दारी मांडव घातला.

तेवढ्यात परत तात्यासाहेब.

“सौदा मोडला. मी चारी थानं चालू म्हणतोय, तर तुझी लेक गोठ्यातून बाहेर आली अन् म्हणाली, एक बंद हाय, लाथ बी मारती, बघून घ्या.”

“अन् गिऱ्हाईक?”

“हसलं. पाणी प्यालं, पुन्हा येतो म्हणून गेलं.”

“आता कशाला येतंय! थांबा, मी आल्यावर बघते तिच्याकडं. व्यवहाराची काडीची अक्कल नाय. असली पोरगी सासरी काय दिवे लावणार!”

फणकाऱ्यानं फोन बंद करून त्या तरुणाकडं वळल्या, तोवर चेहऱ्यावर साखर आली होती. आता लपवाछपवी पुरे.

“पोरा, आईबापाचं नाव काढणारा हायेस. तुझ्यासारखा जावई मिळायला पुण्याई लागती. सोमनाथ, घरी कोण कोण असतं रे तुझ्या?”

तरुण मोकळेपणानं हसला.

“मी नोमान, मावशी. सोमनाथ माझा पार्टनर. त्याला पाचोडचं एक स्थळ आलंय. पोरीचं घर कसं आहे ते गुपचूप बघायला गेलाय सकाळीच, म्हैस घ्यायचं निमित्त करून.”