माझ्याच लग्नाच्या अक्षता

काळात मागे जाऊन मी माझ्याच लग्नाच्या मांडवात, पाहुण्यांच्या गर्दीत उभी होते. अंतरपाटापलीकडचा हा देखणा नवरा पुढे रोज माझ्यावर हात उचलणार, हे मला एकटीलाच ठाऊक होतं. लग्न मोडायला मी तोंड उघडलं, तोच शेजारच्या बाईने माझं मनगट धरलं. बाई माझ्याच वयाची होती. हनुवटीवर तीळ होता, थेट माझ्या कॉलेजातल्या लेकीसारखा.

“आई, तू थांब. मी बोलते.”

मी तिच्या कानाशी कुजबुजले. “अगं, हे लग्न मोडलं तर तू जन्मालाच येणार नाहीस.”

“माहितेय. तू तरी सुटशील.”

भटजींनी ‘सावधान’ म्हटलं. मी एका हाताने तिचं तोंड दाबलं आणि दुसऱ्याने नवरीवर, म्हणजे माझ्यावरच, अक्षता टाकल्या.