लुंबिनीची बस

फोन लावण्याआधी शालनबाईंनी पदर सारखा केला. पलीकडच्या बाईला तो दिसणार नव्हता. तरी केला. लुंबिनीशी बोलायचं तर गाऊनवर बोलायचं नाही, हा त्यांचा नेम.

आज सांगायचं होतं की बस येत नाही.

किती वर्षं ही बस सोलापुरातून निघत होती. बसचे मालक, त्यांचे यजमान धर्मपाल पुढं, ड्रायव्हरशेजारी. शालनबाई मागं, पातेली आणि पिठाच्या पोत्यांशेजारी. बोधगया, कुशीनगर, मग सीमा ओलांडून नेपाळात लुंबिनी. सीमेवर गाडीचे कागद व्हायला अर्धा दिवस जायचा. तेवढ्यात शालनबाई सुकमायाला फोन करायच्या, "आलो गं." बस धर्मशाळेच्या दारात लागायची तेव्हा चुली पेटलेल्या असायच्या. ती लहानशी धर्मशाळा सुकमायाचीच, नवऱ्यामागं ती एकटी चालवायची. आगाऊ काही द्यायचं नाही, लिहून घ्यायचं नाही. चाळीस माणसांचं खाणं-झोपणं दोन बायकांच्या शब्दावर चालायचं. शालनबाईंच्या परातीत पाणी ओतता ओतता सुकमाया मराठी शिकली. तीही शालनबाईंचीच, हाय-न्हायची.

मग करोना आला, सीमा बंद झाली. दुसऱ्या लाटेत धर्मपाल गेले, आणि घरातलं मोठ्यानं बोलणंही त्यांच्याबरोबर गेलं. शालनबाई शहराच्या जुळे सोलापूर भागात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. मुलगा यशपाल आणि सून प्रतीक्षा सकाळी कामावर जात. दिवसभर लिफ्टचा आवाज तेवढा सोबतीला. लिफ्ट कधी त्यांच्या मजल्यावर थांबत नसे.

आता सगळं परत सुरू झालं होतं. यशपालच्या ट्रॅव्हल ऑफिसात बसायला जागा मिळत नव्हती. नेपाळ, श्रीलंका, भूतान. "लोकं घरात कोंडून कंटाळली आई, आता शेजारचे देश तरी बघू म्हणतात," तो सांगायचा. विमानानं जायचं, हॉटेलात उतरायचं, ताटात येईल ते गिळायचं. आईसाठीही त्यानं एक सीट धरली होती.

"तू नुसतं बस. तुला कायबी करायचं न्हाय."

"नुसतंच बसायचं तर हितं बसते की. इमान कशाला पायजे?" शालनबाई म्हणाल्या.

घरात त्यांना कुणी काही विचारत नसे. विचारायची ती सुकमाया, दर आठवड्याला, फोनवर. "ताई, यंदा किती माणसं?" त्या एका प्रश्नापुरत्या शालनबाई अजून मालकीण होत्या. थंडीत सुकमाया सांगत होती, श्रीलंकेचे आले, थायलंडचे आले, ब्रह्मदेशाचेसुद्धा आले. म्हणजे काय, सोलापूरचे तेवढे मेले? शालनबाई बोलून गेल्या, "चाळीस. बस भरली हाय."

मग त्या दारोदार हिंडल्या. पूर्वी दर सहलीला येणारी गोजाबाई दारातच म्हणाली, "शालनताई, तुमच्या बसमधी अंग आंबून जातं बघा. आमी यशपालकडं नाव दिलंय."

"जा की. इमानात भाकरी मागून बघा," म्हणत शालनबाईंनी चपला घातल्या.

पुढच्या दारांत कुणाचे गुडघे गेले होते, कुणी स्वतःच गेलं होतं. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीही माणसं जमली नाहीत.

बुद्धपौर्णिमा आठवड्यावर आली. इंजिन बसलं, असं सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. इंजिन बसलं म्हटलं की बसची लाज राहते आणि मालकिणीचीही. पुढच्या वर्षी परत "किती माणसं?" विचारायला फोन येतो.

"जयभीम, ताई," सुकमायाचा आवाज आला. मागं कुठंतरी भांडी आदळत होती. "निघाली का बस?"

"तू रेशन भरलंस काय?"

"भरलं की. तांदूळ, डाळ, समदं. खोल्या झाडून ठिवल्या. तुमी या फकस्त."

शालनबाईंच्या डोळ्यांपुढं त्या खोल्या आल्या. झाडलेल्या, रिकाम्या. आज इंजिन बसलं म्हटलं तर ही बाई पुढच्या वर्षीही झाडत बसणार, त्याच्या पुढच्या वर्षीही. सासरी, हॉस्पिटलात, नवऱ्याच्या मयतीत, शालनबाईंनी कुणापुढं मान खाली घातली नव्हती. आत्ता घातली. समोर नुसती भिंत होती.

"सुकमाया, बस येत न्हाय. भरलीच नव्हती. मी खोटं बोलले."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माझ्या बसला आता कोण येत न्हाय बाई. तू ते रेशन परत कर. आनि माझी वाट बघू नगंस."

फोन कट झाला असं त्यांना वाटलं. त्यांनी तो कानापासून दूर धरून बघितला. चालू होता. हेही संपलं, त्यांच्या मनात आलं. आता आठवड्याला वाजायचंही काही उरलं नाही.

"म्हंजे तुमी एकट्याच हाय, ताई?" सुकमायानं हळू विचारलं.

हा शब्द शालनबाईंनी अजून स्वतःशीसुद्धा उच्चारला नव्हता.

"एकटीच."

पलीकडं सुकमायानं मोठा श्वास सोडला. कुणीतरी तिला नेपाळीत दरडावून हाक मारली, तिकडं तिनं लक्ष दिलं नाही.

"मग या ताई," ती म्हणाली. "थंडीपास्नं रोज बुद्धाम्होरं दिवा लावून मागत हुते, तुमची बस येऊ नगं म्हणून. धर्मशाळा करोनातच गेली. त्या जाग्यावर मोठं हॉटेल झालंय, तितंच भांडी घासते मी. चाळीस माणसं कुटं ठिवली असती? माझ्याकडं एकच जास्तीची खाट हाय."