बसका आवाज

"हा पण बसका," म्हणत जोमा वाजंत्र्यानं दुकानातल्या चौथ्या काँगोवरचा हात उचलला. "चामड्यात जीवच नाही."

लग्न-हळदींचा मोसम तोंडावर, जुना जोड फुटलेला आणि खिशात जेमतेम पंधरा हजार. पण लग्नात वाजवणाऱ्या बेंजो पार्टीत स्पीकरच्या भिंतीपुढं वीस वर्षं काँगो बडवलेला गडी तो, त्याला कोण फसवणार? त्यानं आत डोकं घालून तडे शोधले, नट चावीनं आवळले. सगळं ठाकठीक. थाप मारली की मात्र आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा.

दुकानदार दोनदा म्हणाला, तेव्हा कुठं त्याला कळलं, "मामा, माल स्वस्तातला, पण वाजायला खणखणीत आहे!"

"मला शिकवतो? तो वरचा, बाहेरदेशातला काढ. घ्यायचा नाही, नुसता फरक दाखवतो तुला."

महागडा काँगो खाली आला. जोमानं हसत हसत कडेवर चापट हाणली. तोही गोधडीतच. हसू तिथंच विरलं. त्यानं परत हाणली, मग अंगातल्या साऱ्या ताकदीनं.

शेवटी सोबत आलेल्या बायकोनं, सुगंधानं, त्याचा दंड धरला आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. "अहो, पुरे की! रस्त्यावरची माणसं वळून बघतायत."

जोमानं दाराकडं पाहिलं. दोन बायका खरंच कानांवर हात धरून उभ्या होत्या.

त्यानं महागडा काँगो बाजूला सारला. मग पहिल्या चार काँगोंकडं बोट करून हळूच सुगंधाला म्हणाला, "मी वाजवतो. चांगला कुठला ते तू सांग. अन् पार्टीतल्या कुणाला बोलू नकोस."