नासीरचा पहिला नंबर

"थांब! अजून दाबू नको!" नासीर ओरडला आणि भूमिकाचा हात पुन्हा लॅपटॉपवरून बाजूला झाला.

वेबसाइटची कामं करणारी भूमिका जळगावहून भुसावळला एवढ्याच कामासाठी आली होती. नासीर पिंजारीचं कापसाच्या गाद्यांचं ऑनलाइन दुकान तिला सुरक्षित पत्त्यावर हलवायचं होतं. नाव तेच राहणार होतं, फक्त पत्त्याच्या सुरुवातीला एक अक्षर वाढणार होतं. ते अक्षर नसल्यामुळे दुकान उघडलं की वरच्या कोपऱ्यात 'सुरक्षित नाही' असं दिसायचं. एका बाईनं तर फोन करून विचारलं होतं, "सुरक्षित नाही म्हणजे? गादीत ढेकूण आहेत का?" नासीरनं तिला अर्धा तास इंटरनेट समजावून सांगितलं. तिनं गादी दुसरीकडून घेतली.

खरं तर हे काम दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. अडलं होतं ते नासीरच्या शहाणपणामुळे. फोनवर 'कापसाची गादी' शोधलं की त्याचं दुकान सगळ्यात वर यायचं. पत्ता बदलला तर हा पहिला नंबर जाईल, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. धुळ्याच्या एका लोणचेवाल्याचं तसं झालंही होतं. नासीरनं या विषयावर इतके व्हिडिओ पाहिले होते, की गल्लीत कुणी मोबाइलचं कव्हर बदललं तरी तो सल्ला द्यायचा.

"भाऊ, लोणचेवाल्यानं जुन्या पत्त्यावर पाटीच लावली नव्हती," भूमिका म्हणाली. "आपण प्रत्येक जुन्या पानावर पाटी ठेवतोय, की दुकान इकडे हललंय. गादीचं पान गादीच्या पानावर जाईल, उशीचं उशीच्या. थोडे दिवस वर-खाली होईल, मग नंबर होता तिथे येईल."

"होता तिथे, की होता तिथेच?"

भूमिकानं कपाळावर हात मारला.

अनवरी, नासीरची बायको, बाजूला बसून गादीची खोळ शिवत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "नंबर पहिला आहे, तर ऑर्डरी कुठे आहेत?"

याचं उत्तर नासीरकडे तयार होतं. "लोकांना कापूस नकोय. सगळ्यात वर आपण, तरी कुणी घेत नाही. आता जमाना फोमचा." याच हिशेबानं त्यानं वडिलांच्या वेळचं कापूस पिंजायचं मशीन विकायला काढलं होतं. पाचोऱ्याचे झुलाल नाना आज टेम्पो घेऊन ते न्यायला येणार होते. मग बाहेरून फोम आणून विकायचा, असा बेत होता. कापूस गेला तरी चालेल, नंबर जाता कामा नये! अनवरी दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नव्हती. मशीनकडे पाहिलं की नासीरलाही वडील आठवायचे, पण पहिल्या नंबरच्या माणसाला असं रडून कसं चालेल?

"आधी आजचा नंबर बघून ठेवू," भूमिका म्हणाली. "म्हणजे नंतर भांडण नको."

नासीरनं ऐटीत फोन काढला. वडील रोज सकाळी शटरला हात लावून तो कपाळाला लावायचे. तसं नासीर रोज सकाळी बिस्मिल्ला म्हणून फोनवर 'कापसाची गादी' शोधायचा, सगळ्यात वर आपलं दुकान पाहायचा, ते उघडायचा आणि मगच चहा घ्यायचा. त्यानं आत्ताही तसंच केलं. दुकान सगळ्यात वर होतं.

भूमिकानं तेच शब्द स्वतःच्या फोनवर टाकले. तिचा अंगठा पडद्यावर फिरत राहिला. बराच वेळ फिरत राहिला.

"तुझ्या फोनला रेंज नसेल," नासीर म्हणाला.

मग अनवरीचा फोन झाला. त्यातही दुकान नव्हतं. शेवटी नासीरनं धुळ्याला बहिणीला, सबीहाला, फोन करून तेच शोधायला सांगितलं.

"भाईजान, इथे फोमवाले आहेत, दिल्लीवाले आहेत, एक भांडीवालासुद्धा आहे," सबीहा म्हणाली. "तुम्ही नाही दिसत."

"खाली जा."

"खालीच चाललेय. अजून किती खाली जाऊ?"

नासीरनं फोन ठेवला. भूमिकानं शक्य तेवढ्या हळू आवाजात सांगितलं, "भाऊ, रोज तुम्हीच शोधता, तुम्हीच उघडता. फोनला वाटलं, या माणसाला हेच दुकान आवडतं. म्हणून तो ते वर दाखवतो. पण तुम्हालाच."

नासीर कापसाच्या ढिगावर बसला. आधी त्याचे कान तापले. मग त्याला हसू फुटलं, आणि ते आवरेना.

"दोन वर्षं मी आरशासमोर माल मांडून बसलोय," तो डोळे पुसत म्हणाला. "आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून जमान्याला शिव्या घालतोय. माझ्यासारखा हुशार माणूस अख्ख्या खान्देशात सापडायचा नाही. शोधून बघ, इथे मात्र पहिला नंबर पक्का!"

"मग दाबू?"

"दाब बाई, दाब. आता काय जाणार आहे?"

भूमिकानं बटण दाबलं. 'सुरक्षित नाही' हे शब्द गेले. एवढ्यात फोन वाजला. झुलाल नाना होते.

"नासीरभाऊ, टेम्पो काढू का मी? मशीन देनं शे ना?"

नासीरनं हसू आवरलं. सवयीनं त्याच्या तोंडून "हो" निघणारच होतं. अनवरी खोळ टाकून उठली आणि तिनं त्याच्या हातातून फोन घेतला.

"नाना, टेम्पो राहू द्या," ती म्हणाली. "मशीन विकायचं नाही. आमचं दुकान अजून कुणी पाहिलंच नाही."