साहेबाचं ताट

"बकरीच्या दुधाले वास येते म्हने! साहेब व्हायचं अन् पेल्यापाशी नाक मुरडायचं," सोजराबाई चुलीपुढं पुटपुटली. हळूच, पण भिंतीपलीकडच्या लेकाला नीट ऐकू जावं इतपत.

इंद्रभाननं नाक दाबून पेला रिकामा केला.

खामगावात रुईच्या अडत्यांना तो हिशेबाचा आणि इन्कमटॅक्सचा सल्ला द्यायचा. लोकांचा विश्वास होता, काम बरं चालायचं. पण टॅक्सच्या कचेरीत गेला, की साहेब चष्म्यावरून पाहायचा आणि विचारायचा, "आपण कोण?" नावापुढं लावायला काही नव्हतं. तेवढ्यासाठी परीक्षा द्यायची होती.

परीक्षा दोन. एक मुंबईची जी. डी. ए., हिशेबाची सरकारमान्य पदविका. ती घेतली तर पाटी वाचून नागपूरपासून लोक येतील. पण त्यासाठी तीन वर्षं मुंबईत एखाद्या हिशेबतपासनिसाच्या हाताखाली काढावी लागणार. दुसरी टपालानं, घरबसल्या, वर्षभराची. तिच्यानं पोट भरलं असतं. 'आपण कोण' मात्र सुटलं नसतं.

अर्ज मागवले आणि घराला अभ्यासाचं वारं लागलं. रस्त्याकडची खोली त्याला एकट्याला मिळाली. खिडक्या सदा उघड्या. "अभ्यासाले हवा लागते," वडील वामनराव म्हणाले. ते चौथी शिकलेले, पण बोलले ते अगदी मास्तरासारखे. बाजारातून जर्मन धातूचं नवं ताट आलं, पेला आला, वाटी आली. मनकर्णा, त्याची बायको, ती भांडी कढत पाण्यानं वेगळी घासून कोनाड्यात ठेवायची. इतर कुणी हात लावायचा नाही. साहेबाचं ताट!

लेक रुखमा दारात घुटमळली, की आजी तिला मागं ओढायची. "बाबा इम्तिहानाचा अभ्यास करून राह्यले ना बाई!"

"इतका मान तर दिवाणालेबी नसंल," इंद्रभान म्हणायचा. मनकर्णा तोंडाला पदर लावून हसायची.

त्या पदरावरच त्याची नजर अडकली होती. पदर आता सदाच तोंडावर असायचा. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरत होत्या. डोळे लाल. अंथरूण तिनं केव्हाच स्वयंपाकघरात नेलं होतं. "मी जवळ असली, की तुमचं मन पुस्तकातून उडते," म्हणाली. मधूनच खोकायची. आता सरकी काढणाऱ्या जिनांच्या हंगामात खामगावात कोण खोकत नाही? इंद्रभानही खोकायचा. रुई उडते, घशात बसते. पण तिचं वाळणं काही रुईनं होणारं नव्हतं.

अर्ज मागवले त्याच महिन्यात वामनरावांनी डॉक्टर आणला होता. "सूनबाईचा खोकला जात नाही," म्हणाले. डॉक्टरनं तिची छाती तपासली. मग आलोच आहे तर म्हणून सोजराबाईची तपासली, इंद्रभानची तपासली. बोलला मात्र कुणाशीच नाही. आजाऱ्याला आजार सांगायचा नाही, घरच्या वडीलधाऱ्याला सांगायचा, हीच तेव्हाची रीत. त्यानं वामनरावांना लिंबाखाली नेलं. वामनराव परत आले ते थेट गोठ्यात गेले आणि चारा पुढ्यात असलेल्या बैलांना पुन्हा चारा टाकत बसले.

"काय म्हने डॉक्टर?" इंद्रभाननं विचारलं होतं.

"अशक्तपना."

"कोनाले?"

"साऱ्याइलेच."

त्यानंतर घरात त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. इंद्रभान हिशेबी माणूस, त्याला जे समजायचं ते समजलं.

मनकर्णा तर एकच धरून बसली होती. "मुंबईचीच घ्या. तीन वर्षांची."

"मले घालवाची इतकी घाई?"

"तीन वर्षं हो," ती म्हणायची. गुळाचा खडा जिभेवर फिरवावा तसे ते दोन शब्द फिरवायची. वामनरावांना विचारलं, तर ते म्हणत, "आखाजीचा सन होऊ दे. मंग पाहू."

एके दिवशी दिवेलागणीला मनकर्णा दूध घेऊन आली. उन्हाळा तोंडावर होता, तरी इंद्रभान घोंगडी लपेटून बसला होता.

"मी ठरवलं," तो म्हणाला. "टपालाची."

ती उंबऱ्यातच थबकली. "काऊन?"

"तुह्यापाशी राहाले. डॉक्टरानं बाबाले काय सांगतलं, ते मले ठाऊक आहे."

तिनं पेला खाली ठेवला. "तुमाले... ठाऊक आहे?"

"हाव. तुमी कोनी बोलत नाही म्हनून मीबी नाही बोललो. पाटी नसली तं नसली. साहेबानं पुन्हा इचारलं ना, आपण कोण, तं सांगीन, मनकर्णेचा नवरा."

ती उंबऱ्यावर बसली. किती दिवसांनी तोंडावरचा पदर खाली आला. "समदं ठाऊक असून हसत होते तुमी? पोरीले दुरून पाहून हसत होते?"

"तं काय रडू? पैले तुह्या छातीचं पाहू. मिरजेले मोठा दवाखाना आहे म्हनते. मी तुले घेऊन जातो. तू बरी होशीन, मने."

मनकर्णानं त्याच्याकडे पाहिलं. मग कोनाड्याकडे. बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ कमी पडलं सांगावं तसा.

"मले काई नाही झालं हो. मी रडून वाळली. बाबानं डॉक्टर तुमच्यासाठीच आनला होता, मले म्होरं करून. ते ताट साहेबाचं नाही, क्षयाच्या मानसाचं आहे."