हात न टेकता

पोराला मोजता येत नव्हतं असं नाही. चांगला पदवीधर होता. पण आईचा व्यायाम मोजायला बसला की त्याची गाडी नवावर अडायची ती अडायचीच.

"हात टेकलास आई. उद्या बघू."

"टेकला? नुसता गुडघा खाजवला तरी तुला टेकल्यासारखा दिसतो! डोळे तपासून घे एकदा."

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंची अट साधी होती. खुर्चीवरून हात न टेकता सलग दहा वेळा उठता आलं, की कठड्याला धरून जिना उतरायला हरकत नाही. घर तिसऱ्या मजल्यावर आणि जिन्याच्या पायथ्याशी तिचा शिवणाचा गाळा. गुडघे धरले तेव्हापासून अडीच महिने तिनं तो पाहिला नव्हता. खिडकीतून दिसायचा तो समोरच्या इमारतीचा पाइप. त्याच्यावरचे गंजाचे डाग तिला आता पाठ झाले होते. रोज सकाळी ती टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घालून दाबायची, पाय सरळ उचलून धरायची, चौकटीला धरून टाचा वर करायची. सगळं त्या शिलाई मशीनच्या पायडलसाठी. नाहीतर या वयात कवायत करायला तिला काय वेड लागलं होतं?

आज तिनं काठोकाठ भरलेला पाण्याचा वाडगा मागून घेतला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"हे काय आता?"

"हे माझे हात. टेकले तर तुला फरशी पुसावी लागेल. मोज."

एक. दोन. तीन. पाचाला उजव्या गुडघ्यात सुई टोचल्यासारखं झालं. टोचू दे, सुयांची तिला जन्माची सवय. आठाला मांड्या थरथरल्या. नऊ म्हणून पोरगा गप्प झाला.

"अडलास का? नवानंतर दहा येतात. मी चौथीत शाळा सोडली, तरी एवढं मला कळतं."

ती उठली. पाण्याचा थेंबसुद्धा सांडला नाही.

"चपला काढ माझ्या. गाळ्याचं शटर तेवढं तू उघड, कडक आहे."

तो हलला नाही. फरशीकडे बघत म्हणाला, "आई, खाली मशीन नाहीये."

"नाहीये म्हणजे? पाय फुटले तिला?"

"विकली मी. गाळा एकाला चालवायला दिलाय. तो तिथं मोबाइलची कव्हरं विकतो."

"कधी?"

"तू झोपून होतीस, तेव्हाच. डॉक्टर म्हणाले, परत पायडल मारलं तर गुडघे कायमचे जातील."

"डॉक्टर तुला म्हणाले. तू मला का नाही म्हणालास?"

"सांगितलं असतं तर तू एक तरी दिवस व्यायाम केला असतास का?"

नसता केला. हे तिला ठाऊक होतं आणि त्यालाही. म्हणून तर तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पोटचा पोर रोज समोर बसून तिला आशेवर उठवत होता आणि नवावर खाली बसवत होता.

तिनं दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं. आता कोणी अडवणारही नव्हतं, आणि गुडघे मुकाट्यानं साथ देत होते. पण तीन मजले उतरून जायचं कुठं? कव्हरं बघायला?

पोरानं वाडगा तिच्या हातातून काढून घेतला. खुर्ची अलगद तिच्या मागे सरकवली.

"बस ना आई. पाय भरून येतील."

ती तशीच ताठ उभी राहिली.

"गुडघ्यांनी मला अडीच महिने बसवलं, बाळा," ती म्हणाली. "तू जन्माची बसवलीस."