उजवी बाजू वर

चित्राची फ्रेम भिंतीवर लागली तशा राहीबाई पदराला हात पुसत चित्रापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"कापडाला हात लावून बघावंसं वाटतंय गो," त्या म्हणाल्या.

स्नेहलला एवढंच ऐकायचं होतं. धाकटी बहीण रेश्मा आज जपानला निघाली होती, तिथल्या म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायच्या नोकरीवर. तुडीलच्या घरात तिची आठवण राहावी म्हणून स्नेहलने तिला किमोनोत रंगवलं होतं. लॅपटॉपवर रंगवलं, महाडला छापून घेतलं आणि फ्रेम काल संध्याकाळीच एसटीतून मांडीवर धरून आणली.

त्या कापडात तिने जीव ओतला होता. रेश्माने आईचं जुनं लुगडं किमोनोसारखं गुंडाळलं, खिडकीशी उभी राहिली, आणि स्नेहलने फोटो काढून घेतले. मग त्या चुण्यांवर नक्षी बसवली. नक्षी नुसती वरून चिकटवली तर कापड कापड वाटतच नाही, भिंतीला लावलेला कागद वाटतो. म्हणून तिने एकेक फूल घडीत शिरताना अर्धं झाकलं, वळणावर ताणलं, शिवणीपाशी मोडलं. फुलं मात्र जपानची नव्हती. शिवथरच्या डोंगरावरची पिवळी सोनकी होती.

"अगदी मीच," रेश्मा म्हणाली. "आरशात बघतेय असं वाटतंय."

"मला नाय बा ही माझी पोर वाटत," राहीबाई म्हणाल्या. "कायतरी चुकलंय. तीळ बघ. हिचा डाव्या गालावर हाय, हितं उजव्या गालावर काढलाय."

स्नेहलने कपाळावर हात मारला. रंगवताना ती अधूनमधून चित्र उलटं करून बघायची, आरशात धरल्यासारखं. उलट्या चित्रात चुका पटकन दिसतात. एकदा उलटं केलेलं सरळ करायचं राहून गेलं, नजर त्यालाच सरावली आणि तेच छापायला गेलं. एवढी फुलं मोडून बसवणाऱ्या बाईला सख्ख्या बहिणीचा तीळ दिसू नये! तिचं तिलाच हसू आलं.

रेश्मा हसली नाही. ती चित्रातल्या गळ्याकडे बघत होती.

"ताई, हे खाली काढ."

"तिळाचं काय गो एवढं?" राहीबाई म्हणाल्या.

"तीळ नाय गो आई. कपडा. तिकडं डावी बाजू नेहमी वर घेतात. पुण्याच्या क्लासमधे म्हाताऱ्यांना कपडे कसे घालायचे ते बाहुलीवर शिकवायचे, तेव्हा एकीने उजवी वर घेतली तर मॅडम केवढ्या ओरडल्या होत्या."

"मग उजवी वर कुणाची घेतात?"

रेश्मा बॅगेची चेन ओढू लागली. आईने पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "मेलेल्या माणसाची."

रेश्माला सोडायला आलेल्या महिपतीकाकांनी बाहेर गाडीचा हॉर्न वाजवला.

स्नेहलने घाईघाईने लॅपटॉप उघडला. एक बटण दाबलं. तीळ डाव्या गालावर आला, किमोनोची डावी बाजू वर आली. "हे बघ आई, झालं सरळ. एका बटणाचं तर काम."

राहीबाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी फ्रेम उतरवली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि रेश्माला कुंकू लावलं. जाऊ नको, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण व्हिसा झाला होता, रेश्माचा नवरा मुंबईतून परस्पर विमानतळावर येणार होता, आणि असल्या कारणासाठी पोरीला मागे ठेवली असती तर गावाने हसून हसून जीव नकोसा केला असता. भीती मात्र खरी होती. शिकलेल्या स्नेहललाही ती वाटली, फक्त ती तसं म्हणाली नाही.

बॅगेचं वजन आधीच जास्त भरलं होतं, म्हणून जाडा कोट अंगात घालूनच जायचं ठरलं होतं. भर दुपारी रेश्माने तो चढवला आणि बटणं लावली. बायकांचा कोट तो. उजवी बाजू डावीवर आली.

तिघींनाही ते एकदमच दिसलं.

"कोट हाय गो हा, आई. बायकांचे सगळे कोट असेच असतात." रेश्माचा आवाज उगाचच चढला होता.

राहीबाई पुढे झाल्या, एकेक बटण काढलं आणि डावी बाजू वर घेतली. त्या बाजूला काजंच नव्हती. त्यांनी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि कोट छातीपाशी बंद केला.

"इमानात बसेपर्यंत काढू नको. माझी शपथ हाय तुला."

"नाय काढत," रेश्मा म्हणाली. तिच्या कपाळावर आत्ताच घाम आला होता.

गाडी निघाली. फाट्याच्या वळणावर दिसेनाशी झाली तरी राहीबाई हात जोडून रस्त्याकडे बघत उभ्या होत्या. स्नेहल मागे वळली. मघाशी गाडी उभी होती तिथे मातीत काहीतरी चमकलं. तिने वाकून उचललं.

"काय गो सापडलं?" राहीबाईंनी विचारलं.

"काय नाय," स्नेहल म्हणाली आणि तिने मूठ घट्ट मिटली. पिन उघडीच होती.